काँक्रीटची चौकट आणि भूकंप : हैदराबादचा हिशेब

कॉलम आणि बीम जिथे मिळतात तो सांधा घट्ट असला, म्हणजे कॉलम कलला की बीमलाही वाकावेच लागत असले, तर त्या सांगाड्याला मोमेंट फ्रेम म्हणतात. भिंती काढून टाकल्या तरी अशी चौकट आडवा रेटा केवळ आपल्या वाकण्याच्या ताकदीवर झेलते. हैदराबादमध्ये अमीरपेट, दिलसुखनगर, कुकटपल्ली, मलकाजगिरी कुठेही गेले तरी गल्लीतली नेहमीची अपार्टमेंट याच जातीची असते. खाली स्टिल्टवर, म्हणजे नुसत्या कॉलमवर उभ्या मोकळ्या मजल्यात, पार्किंग, वर पाच मजले, आणि कॉलम-बीमच्या चौकटीत भरलेल्या विटांच्या किंवा सिमेंट ब्लॉकच्या भिंती.

भूकंपात पाया जमिनीबरोबर सरकतो आणि वरचे वजन जडत्वामुळे मागे राहू पाहते. या ओढाताणीतून प्रत्येक मजल्याच्या पातळीवर आडवे बल निर्माण होते. ते स्लॅबकडून बीमकडे, बीमकडून कॉलमकडे आणि शेवटी पायाकडे जाते. वजन वाढले की बल वाढते, म्हणून गच्चीवर मागाहून बसवलेली मोठी टाकी किंवा मातीचा थर टाकून केलेली बाग हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. शिवाय हे बल काही सेकंदांत अनेकदा दिशा बदलते. उभ्या भारामुळे सांध्याजवळ बीमच्या वरच्या अंगाला ताण येतो, त्यामुळे तिथे भरपूर सळई घालतात आणि खाली नावापुरत्या दोन. भूकंपात तोच ताण क्षणात खालच्या अंगाला येतो. तन्य, म्हणजे न तुटता वाकत राहणाऱ्या, चौकटीच्या मानकात, आयएस १३९२० मध्ये, सांध्याच्या तोंडाशी खालची सळई वरच्या सळईच्या किमान निम्मी असावी असा नियम आहे, तो यासाठीच.

हैदराबाद भूकंपाच्या बाबतीत सुरक्षित शहर मानले जाते आणि त्याला आधारही आहे. शहराखाली दख्खनच्या पठाराचा जुना ग्रॅनाइट आणि नाइस खडक आहे, तो पुष्कळ ठिकाणी फार खोल न जाताच लागतो. आयएस १८९३ (भाग १) : २०१६ या भूकंप मानकाच्या नकाशात शहर झोन II मध्ये, म्हणजे सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे. पण कमी धोका म्हणजे धोका नाही असे कोणी समजू नये. १३ एप्रिल १९६९ रोजी गोदावरीच्या खोऱ्यात भद्राचलमजवळ ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा धक्का बसला, तो हैदराबादमध्ये अनेकांना जाणवला. सगळ्यात मोठा धडा मात्र पश्चिमेकडे, सुमारे दोनशे किलोमीटरवर मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गेली. त्या वेळच्या नकाशात किल्लारी झोन I मध्ये होती. त्याहून कमी धोक्याचा झोनच नव्हता. २००२ च्या आवृत्तीत झोन I रद्द करून तो झोन II मध्ये मिळवण्यात आला. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानेही दख्खनच्या स्थैर्यावरचा विश्वास असाच हलवला होता. नकाशा आजवरच्या माहितीवर काढलेला असतो, आणि द्वीपकल्पात मोठे भूकंप इतक्या अंतराने होतात की नोंदींचा काळ त्यांना अपुरा पडतो.

झोन II मुळे अभियंत्याला एक मुभा मिळते. झोन III, IV आणि V मध्ये तन्य चौकट सक्तीची आहे. झोन II मध्ये साधी चौकट चालते आणि आयएस १३९२० ऐच्छिक ठरते. या मुभेचा अर्थ आकड्यांतच नीट कळतो.

१८ मीटर उंच आणि भूकंपाच्या दिशेने १६ मीटर लांब अशी स्टिल्ट अधिक पाच मजल्यांची एक इमारत घेऊ. हिशेबात धरायचे वजन १२,००० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १,२०० टन. पहिला प्रश्न दोलनकालाचा, म्हणजे इमारतीला एक हेलकावा पुरा करायला किती वेळ लागतो याचा. मानकातले मोकळ्या चौकटीचे सूत्र सुमारे ०.६५ सेकंद देते, तर भिंतींनी भरलेल्या चौकटीचे सूत्र सुमारे ०.४ सेकंद. भिंती चौकटीला ताठ करतात, दोलनकाल घटतो आणि कठीण जमिनीवरच्या अशा इमारतीत बल वाढते. संगणकात फक्त कॉलम-बीमचे मॉडेल करून मोठा दोलनकाल घेणे म्हणजे बल कमी दाखवणे, म्हणून आपल्याकडच्या भिंतवाल्या इमारतींना ०.४ सेकंदच धरायला हवा. या दोलनकालाला खडकावर प्रतिसाद गुणांक सुमारे २.५ येतो. झोन II चा गुणांक ०.१०, आणि सूत्रात त्याचा निम्मा भाग घ्यायचा. इमारत अजिबात इजा न होता हा धक्का झेलणार असेल, तर तिला वजनाच्या साधारण १२.३ टक्के, म्हणजे सुमारे १,४८० किलोन्यूटन आडवे बल पेलावे लागेल.

प्रत्यक्षात कोणीही एवढ्या बलासाठी चौकट आखत नाही. मानक हे बल प्रतिसाद घट गुणांकाने भागायला सांगते. साध्या चौकटीला हा गुणांक ३ आहे, तन्य चौकटीला ५. साध्या चौकटीचे आखणीचे बल सुमारे ४९० किलोन्यूटन होते आणि तन्य चौकटीचे सुमारे २९५. यावर भारगुणक लागतो आणि थोडी राखीव ताकद आपोआप मिळते, तरी मूळ गोष्ट बदलत नाही. भूकंप जेवढे मागणार त्याचा एक अंशच ताकदीच्या रूपाने इमारतीत भरलेला असतो. उरलेले देणे इमारतीने वाकून, तडे जाऊ देऊन, सळया ताणू देऊन फेडायचे असते. सूत्रात झोन गुणांकाचा निम्माच भाग वापरलेला असल्यामुळे, मानकाने गृहीत धरलेला सर्वात मोठा धक्का आला तर मागणी याच्या दुप्पट असते. तन्य चौकट कमी बलासाठी आखली तरी अधिक सुरक्षित का, याचे उत्तर इथे आहे. तिच्याकडे वाकत राहण्याची क्षमता आहे आणि साध्या चौकटीकडे ती असेलच असे नाही.

वाऱ्याशी तुलना केली तर हा मुद्दा आणखी पक्का होतो. हैदराबादसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, आणि उंच इमारतीत वाऱ्याचे बल भूकंपाच्या हिशेबी बलापेक्षा मोठे निघू शकते. मग ‘इथे वाराच ठरवतो, भूकंपाचे डिटेलिंग कशाला’ असा युक्तिवाद ऐकू येतो. तो चुकीचा आहे. वाऱ्याचे बल हे येणारे पुरे बल असते, त्याला कोणत्याही घट गुणांकाने भागलेले नसते, आणि ते झेलताना इमारत लवचीक मर्यादेत राहणे अपेक्षित असते. भूकंपाचा आकडा आधीच तीन किंवा पाचने भागलेला असतो. कागदावर वाऱ्याचा आकडा मोठा आला म्हणून भूकंपाचे खरे बल लहान होत नाही.

वाकत राहण्याची क्षमता सळईच्या पोलादातून येते. काँक्रीट दाबाला टणक, ताणाला दुबळे आणि स्वभावाने ठिसूळ. पोलाद मात्र आपल्या लवचीक मर्यादेपलीकडेही बरेच ताणले जाते. म्हणून या कामासाठी फे ४१५डी किंवा फे ५००डी सळई वापरतात आणि तिची लांबी तुटण्यापूर्वी १४.५ टक्क्यांहून अधिक वाढली पाहिजे अशी अट असते. बीमच्या टोकाला सळई ताणू लागली की तिथे बिजागरीसारखी वळण्याची जागा तयार होते, तिला प्लॅस्टिक हिंज म्हणतात. भूकंपाची ऊर्जा या जागी खर्च होते. पण हे होण्याआधी बीम कर्तनाने, म्हणजे तिरक्या तड्याने कातरला गेला, किंवा कॉलम दाबाने चिरडला, किंवा सांधाच फुटला, तर सळईची सगळी तन्यता वाया जाते.

म्हणून आखणी करताना आधी कोण झुकेल आणि नंतर कोण, याचा क्रम लावावा लागतो. या विचाराला पद्धतशीर रूप न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाच्या रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉले यांनी दिले. क्षमताधारित आखणी हे त्याचे नाव. बीमची टोके झुकावीत, कॉलम शाबूत राहावेत. बीम कातरला जाण्याआधी वाकावा, म्हणून त्याची कर्तनक्षमता टोकांना हिंज होतील तेव्हा येणाऱ्या बलावरून ठरवायची, संगणकाने दिलेल्या आकड्यावरून नाही. आयएस १३९२० : २०१६ मध्ये सांध्याला मिळणाऱ्या कॉलमची एकत्रित वाकण्याची ताकद बीमच्या ताकदीच्या किमान १.४ पट असावी अशी अट आहे.

कॉलमच का वाचवायचे, हे एका साध्या गणिताने दिसते. इमारतीचा माथा १२० मिलिमीटर सरकला असे धरू. प्रत्येक मजल्याचे बीम थोडेथोडे झुकले तर सहा मजल्यांत हे वाटले जाते आणि मजल्यामागे २० मिलिमीटर येतात. तीन मीटर उंचीत २० मिलिमीटर चौकटीला जड नाही. पण फक्त तळमजल्याचे कॉलम झुकले तर सगळे १२० मिलिमीटर त्या एका मजल्यावर येतात. कॉलम आपल्या उंचीच्या पंचविसाव्या भागाइतका कलतो आणि वरचे हजार टन त्याच कललेल्या स्थितीत त्याला खाली दाबत असतात.

हैदराबादच्या, आणि महाराष्ट्रातल्याही, गल्लीतल्या बांधकामात अडचण नऊ इंची कॉलमची आहे. भिंतीबाहेर कोपरा दिसू नये म्हणून कॉलम २३० मिलिमीटर रुंद ठेवतात आणि बीम ४५० खोल घेतात. अशा सांध्यात बीम सहज वरचढ ठरतो. तन्य चौकटीच्या कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर हवी, शिवाय त्यातून जाणाऱ्या बीमच्या सर्वात जाड सळईच्या वीसपट हवी. १६ मिलिमीटरच्या सळईला हे ३२० होते. कारण सांध्याच्या एका बाजूला सळई ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूला दाबली जाते. कॉलम अरुंद असेल तर तेवढ्या लांबीत काँक्रीट तिला धरू शकत नाही आणि ती सांध्यातच घसरते. नऊ इंची कॉलम सगळे एकाच दिशेला लांब ठेवले, तर आडव्या दिशेने इमारत आणखीच दुबळी होते. खोलीच्या कोपऱ्यात दोन-तीन इंच कॉलम दिसणे ही फार लहान किंमत आहे.

यानंतरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे रिंग. साइटवर कॉलमच्या उभ्या सळयांभोवती गुंडाळलेली ही आठ मिलिमीटरची सळई बहुतेकांना बांधायच्या सोयीची वाटते. तिची कामे तीन : कर्तन झेलणे, उभ्या सळया बाहेर फुगू न देणे आणि आतले काँक्रीट आवळून धरणे. बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव जशी लाकडाचे भाग एकत्र दाबून ठेवते, तशी रिंग काँक्रीटच्या गाभ्याला आवळते. असे आवळलेले काँक्रीट सुट्या काँक्रीटच्या कितीतरी पट दबले तरी भुगा होत नाही. ९ फेब्रुवारी १९७१ ला कॅलिफोर्नियातल्या सॅन फर्नांडो भूकंपात नुकत्याच बांधलेल्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयात हा फरक एकाच इमारतीत दिसला. ज्या कॉलमना सलग दाट सर्पिल सळई होती ते भयंकर वाकले पण भार धरून राहिले. विरळ रिंगांचे कॉलम भुगा झाले.

रिंगेचे टोक कसे वळवले आहे, याला तेवढेच महत्त्व आहे. ९० अंशात वळवलेले टोक बाहेरच्या कव्हरमध्ये, म्हणजे रिंगेवरच्या काँक्रीटच्या थरात, राहते. धक्क्याने कव्हर गळून पडले की ते उघडते आणि रिंग सुटते. १३५ अंशात वळवून गाभ्यात शिरवलेले टोक कव्हर गेल्यावरही पकडून राहते. बारबेंडरला जास्त वळवणे कष्टाचे असते, आत सळयांची गर्दी होते, व्हायब्रेटर शिरायला जागा कमी राहते, म्हणून काम बहुधा ९० अंशावर थांबते. काँक्रीट ओतल्यावर ही त्रुटी कुणालाच दिसत नाही, त्यामुळे स्लॅब भरण्याआधी सळई तपासणाऱ्या अभियंत्याच्या नजरेवर पुष्कळ काही अवलंबून असते.

रिंगा कुठे दाट हव्यात, याचाही हिशेब आहे. ३०० बाय ४५० च्या कॉलमला दोन्ही टोकांशी किमान ४५० मिलिमीटर लांबीत, १६ मिलिमीटरच्या उभ्या सळया धरल्यास, रिंगांमध्ये ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. मधल्या भागात १५० चालते. साध्या चौकटीत हेच अंतर वरपासून खालपर्यंत २५० असते. तीन मीटरच्या कॉलमला साध्या पद्धतीने डझनभर रिंगा लागतात, तन्य पद्धतीने सांध्यातल्या धरून तीसच्या आसपास. साधी एकेरी आठ मिलिमीटरची रिंग असेल तर वाढीव पोलाद एका कॉलमला एका मजल्यामागे दहाएक किलो होते. आडव्या कड्या घातल्या किंवा गणिताने व्यास वाढला तर ते वाढेल, तरीही पूर्ण इमारतीच्या खर्चात हा भाग लहानच. बीमलाही टोकांपासून खोलीच्या दुप्पट लांबीत रिंगा दाट हव्यात, अंतर बीमच्या खोलीच्या चतुर्थांशाहून जास्त नको.

सांध्याच्या आतल्या रिंगा बहुतेक वेळा गाळल्या जातात. कॉलमच्या आणि दोन्ही बाजूंच्या बीमच्या सळया तिथे एकमेकींत शिरतात, सेंट्रिंग झालेले असते आणि रिंग सरकवायला वाट नसते. ती आधीच उभ्या सळयांवर ओवून ठेवावी लागते, नंतर आठवून उपयोग नाही. सांध्यात रिंग नसेल तर तिथले काँक्रीट तिरके चिरते आणि कॉलम-बीमची सारी काळजी निरर्थक ठरते. लॅपची, म्हणजे सळईला सळई जोडण्याची, जागाही साइटच्या सोयीने ठरते. स्लॅबवर जिथे खालच्या सळयांची टोके वर आलेली असतात तिथूनच पुढच्या सळया जोडल्या जातात, आणि कॉलमवर सर्वात जास्त ताण नेमका त्याच ठिकाणी येतो. मानकाप्रमाणे लॅप कॉलमच्या मधल्या अर्ध्या भागात, आणि एका छेदात निम्म्याहून जास्त सळयांचा नको. त्यासाठी सळया उंच उभ्या ठेवून धरून ठेवाव्या लागतात. काम अवघड आहे, तरी करावेच लागते.

इतके सगळे केले तरी स्टिल्टचा प्रश्न उरतो. वरच्या पाच मजल्यांत भिंती भरलेल्या, तळाला फक्त कॉलम. वरचा भाग एकसंध पेटीसारखा ताठ राहतो आणि सगळी हालचाल पार्किंगच्या मजल्यावर साचते. वर मजल्यामजल्यांत वाटणीचे जे गणित पाहिले, त्याच्या नेमके उलट इथे घडते. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादमध्ये याच घडणीच्या इमारती कोसळल्या. तो भूकंप ७.७ तीव्रतेचा होता आणि साबरमतीच्या गाळाने हादरा वाढवला, ही गोष्ट खरी. हैदराबादला तसा गाळ सर्वत्र नाही, पण बुजवलेल्या तलावांच्या पोटात उभ्या राहिलेल्या वसाहतींना खडकाचा भरवसा लागू नाही. तिथली माती तपासूनच जमिनीचा प्रकार ठरवायला हवा. २००२ च्या मानकात मोकळ्या मजल्याचे कॉलम अडीचपट बलासाठी आखायचा पर्याय होता. आता भर पार्किंगच्या काही गाळ्यांत काँक्रीटच्या भिंती किंवा तिरके आधार घालण्यावर आहे, आणि ते योग्यच. चार कोपऱ्यांजवळ दोन्ही दिशांना समतोल ठेवलेल्या भिंती फारशा गाड्यांची जागा खात नाहीत.

बंजारा हिल्स, ज्युबिली हिल्सच्या उतारांवर वेगळी अडचण आहे. खडक फोडायला लागू नये म्हणून एकाच इमारतीचे कॉलम एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब ठेवतात. कॉलमचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. उंची निम्मी झाली की ताठपणा आठपट होतो, आणि आखूड कॉलम आपल्या वाट्याहून कितीतरी अधिक बल ओढून घेऊन कातरला जातो. जिन्याच्या मधल्या टप्प्याचा बीम किंवा अर्ध्या उंचीची भिंत कॉलमला टेकवली तरी हेच होते. अशा कॉलमना पूर्ण उंचीत दाट रिंगा हव्यात. गल्लीतल्या प्लॉटवर वरचे मजले बाहेर काढून बीमच्या टोकावर कॉलम उभे करणे, ज्याला फ्लोटिंग कॉलम म्हणतात, तेही आडवे बल वाहणाऱ्या सांगाड्यात मानकाने वर्ज्य ठरवले आहे.

अशी आखीव तन्य चौकट भूकंपातून बिनओरखडा बाहेर येत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये चांगल्या आखलेल्या अनेक चौकटींनी माणसे वाचवली, पण बीमच्या टोकांना इतकी इजा झाली होती की पुढे त्या इमारती पाडाव्या लागल्या. त्याच शहरात ठिसूळ कॉलमची सीटीव्ही इमारत कोसळून ११५ जण दगावले.

हैदराबादमध्ये राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था भूकंपांच्या नोंदी घेते आणि ट्रिपल आयटीत भूकंप अभियांत्रिकीचे संशोधन केंद्र आहे; शहरात ज्ञानाची उणीव नाही. उभ्या असलेल्या इमारतींसाठी आयएस १५९८८ : २०१३ हे मूल्यमापनाचे आणि बळकटीकरणाचे मानक आहे. आधी मूळ नकाशे मिळवायचे, कव्हर थोडे काढून किंवा यंत्राने रिंगांचे अंतर पाहायचे, काँक्रीटचे नमुने काढून ताकद मोजायची. स्टिल्ट हाच दुबळा मजला ठरला तर निवडक गाळ्यांत काँक्रीटची भिंत बांधणे बहुधा सर्वात परवडणारे असते. ती भिंत कॉलमला आणि वरच्या बीमला छिद्रे पाडून बसवलेल्या सळयांनी जोडावी लागते आणि तिच्या खाली नवा पाया लागतो, कारण आडवे बल आता तिच्यातून उतरणार असते. भिंतीला जागाच नसेल तर कॉलमभोवती नव्या सळया, दाट रिंगा आणि काँक्रीटचे आवरण चढवतात. या सळया स्लॅबमधून आरपार नेऊन वरच्या मजल्यात गुंतवाव्या लागतात, नाहीतर कॉलम मधे जाड होतो आणि टोकांना पूर्वीइतकाच दुबळा राहतो.